तिसरी सूचना

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ७ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळच्या उपासनेत रीता आणि वरठीचा धनंजय यांच्या लग्नाच्या तीन सूचनांपैकी पहिली वाचली गेली. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. कोणाची नव्हती.

२. १२ सप्टेंबर, शुक्रवार. रीताने साकोलीच्या लॅबमध्ये येऊन सिकलसेलच्या तपासणीसाठी रक्त दिलं.

३. १४ सप्टेंबर, रविवार. लग्नाची दुसरी सूचना वाचली गेली.

४. त्याच दिवशी विनवणीच्या वेळी, रिपोर्ट पाहून, काळजीपोटी, रीताच्या प्रकृतीसाठी प्रार्थना मागितली गेली.

५. १७ सप्टेंबर, बुधवार. महिला मंडळाच्या चौदा जणी रीताच्या घरी भेटीला गेल्या. ज्याचं नाव विनवणीत आलं त्याच्या घरी त्या आठवड्यात जायचं, ही आपल्या मंडळीची रीत आहे.

६. २० सप्टेंबर, शनिवार. बाबुलालकाका, जे धनंजयचे मामा आहेत आणि आपल्या मंडळीच्या कारभारातले वडीलधारेही, यांनी रीताच्या घरी येऊन वरठीचा नकार कळवला.

७. २१ सप्टेंबर, रविवार. तिसरी सूचना वाचली गेली नाही.

८. २८ सप्टेंबरपासून रीता आणि तिची आई सत्यभामाबाई उपासनेला आलेल्या नाहीत. आजचा धरून वीस रविवार झाले.

रीता,

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस म्हणून पोस्टाने पाठवते आहे. नाकाडोंगरीतला तुझ्या नव्या घरचा पत्ता मला माहीत नाही, तू नोकरी करतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकते. पाकिटावर माझं नाव ठळक लिहिलं आहे. न उघडता फाडायचं असेल तर तुला तसं करता यावं म्हणून.

तारखा मी मंडळीच्या वहीतून आणि लॅबच्या रजिस्टरमधून तपासून घेतल्या. काही चुकलं असेल तर कळव.

लिहिण्याचं कारण असं. ५ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार आहे. पहाटेची उपासना दरवर्षीसारखी कबरस्तानात होईल. तू यावंस, सत्यभामामावशीला घेऊन यावंस, असं मला वाटतं. हे मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना या पत्राची माहिती नाही.

मंडळीत आज एकोणतीस जण होते. मागच्या वर्षी याच दिवसांत सेहेचाळीस असायचे. सगळेच तुमच्यामुळे यायचे थांबलेले नाहीत, दोन घरं नागपूरला गेली. पण तुमचा बाक रिकामा आहे आणि त्यावर कोणी बसत नाही. बाहेरगावचा पाहुणा बसायला गेला तर कोणीतरी त्याला हाताने दुसरीकडे बोलावतं. ढोलक भिंतीवर आहे, त्याच्या दोऱ्या सैल पडल्या आहेत. तुझ्यानंतर कोणी वाजवायला घेतलं नाही.

मी बरी आहे. लॅबमध्येच आहे.

तू बाहेर राहून मंडळीचं काही बिघडवत नाहीस, हे मला माहीत आहे. तुझं काय होतं आहे ते माहीत नाही. विचारण्याचा हक्क मला नाही. तरीही, ये.

ज्योत्सना


गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

रीता,

तुझं कार्ड काल मिळालं. उघडं कार्ड असल्यामुळे पोस्टमननेही वाचलं असावं, कारण देताना तो माझ्याकडे बघत होता. तू लिहिलंस: "चौथा मुद्दा खोटा आहे. रिपोर्टवरची तारीख बघ."

बघायची गरज नव्हती. ती तारीख मीच टाकली होती.

आमच्याकडे रिपोर्ट चुकला तर व्हाइटनर लावत नाहीत. चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला बरोबर काय ते लिहितात, सही आणि तारीख. तसं करते.

मुद्दा ४. "रिपोर्ट पाहून" यावर रेघ. १४ सप्टेंबरला रिपोर्ट तयार नव्हता.

शुक्रवारी तू आलीस तेव्हा लॅबमध्ये आम्ही दोघीच टेक्निशियन होतो. तू दुसरीला म्हणालीस, "ताई, तुमी नका, जोस्ना काढन." मग सुई लावताना मला हळूच म्हणालीस, "टेस्ट पण तूच लाव. दुसऱ्याच्या हाती नको देऊ. काय निघन ते मले आधी सांग." मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी मी पहिली चाचणी लावली. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर सिकल नाही, दिसल्या नाहीत तर आहे. तुझ्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. एवढ्यावरून माणूस आजारी आहे की नुसता वाहक, हे कळत नाही. ते कळायला दुसरी चाचणी लागते, तिचा नमुना बाहेर पाठवतात. तिचा निकाल मंगळवारी, १६ तारखेला आला. वाहक. म्हणजे तुला काहीही झालेलं नाही, पुढेही होणार नाही. धनंजयचं रक्त साधं असेल तर तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही. धनंजयचं रक्त कोणी तपासलंच नाही. ते तपासा, असं मंडळीत एकाच्याही तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही.

म्हणजे मी अर्धवट तपासणीवर बोलले, आणि तुला सांगण्याच्या आधी मंडळीला सांगितलं. हे मी लॅबमध्ये कधीच केलं नसतं.

"प्रार्थना मागितली गेली" यावरही रेघ. मी मागितली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "प्रभू, आमच्या रीताच्या रक्तात सिकलसेल निघाला आहे, तिच्यावर हात ठेव." सगळे म्हणाले, "प्रभू, ऐकून घे." तू मावशीच्या शेजारी बसली होतीस. तू मागे वळून पाहिलं नाहीस. मावशीने पाहिलं.

बाबुलालकाका तिसऱ्या बाकावर होते. ते धनंजयचे मामा आहेत हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं होतं का, असं मी स्वतःला विचारलं. याचं उत्तर मला खात्रीने देता येत नाही, म्हणून देत नाही.

मुद्दा ७ अपुरा आहे. २१ सप्टेंबरला तुम्ही दोघी आला होतात. आदल्या संध्याकाळी नकार मिळाला होता तरी आलात. पाळकसाहेब सूचनांच्या पानापर्यंत आले, थांबले आणि पान उलटलं. तेव्हा तू मागे वळलीस. सरळ माझ्याकडे बघितलंस. माझ्या पर्समध्ये तुझ्या पक्क्या रिपोर्टची प्रत होती, एक प्रत तुला मी गुरुवारी दिलेलीच होती. मी उभी राहून एवढंच बोलायचं होतं, की ती आजारी नाही, मी चुकीचं बोलले. विनवणीची वेळ झाली. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला काही मांडायचं आहे का. तू वाट पाहत होतीस. मी गीतांच्या पुस्तकात बघत बसले.

तू यायची थांबलीस ती चौदा तारखेमुळे नाही, एकवीस तारखेमुळे, असं मला वाटतं. चूक असेल तर सांग.

लॅबच्या डॉक्टरांना मी जानेवारीत हे लेखी दिलं. ते रागावले. तीन महिने मला रिपोर्टवर सही करायची नाही, फक्त नमुने घ्यायचे. हे तुला समाधान व्हावं म्हणून सांगत नाही. कारवाई झाली याची नोंद.

दुरुस्ती केली. सही: ज्योत्सना, १९/२/२०२६.


रविवार, ८ मार्च २०२६

रीता,

तुझं उत्तर नाही. मागितलंही नव्हतं.

काल मी मावशीकडे गेले होते. तुला कळलं असेलच, पण मावशी काय सांगते आणि मी काय सांगते यात फरक असू शकतो, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

ती पडवीत बसून सुपात सुके झिंगे निवडत होती. मी गेटापाशीच उभी राहिले. तिने वर न बघता ओळखलं.

"कोन? जोस्ना का? काहून आलीस वो, रगत काढाले?"

"नाही मावशी. भेटायला."

"भेटाले तं टोळी येत असते तुमची. चौदा जनी आल्या होत्या. चाहाले कप पुरले नाही मले, शेजारून आनले. आज एकटीच कशी?"

 तिने सूप थोडं सरकवलं.

"बस. उभ्यानं कायले बोलतेस. तुयी माय बरी आहे ना?"

"बरी आहे."

"रीतानं सांगतलं फोनवर. म्हने, जोस्ना नंबर टाकून टाकून पत्र लिहून राहिली, पोलिसवाल्याच्या पंचनाम्यासारखं." मग, "हासली होती सांगताना. लय दिवसानं हासली."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. तू हसलीस हे मला कळलं, हे तुला कळावं.

मी तिच्यासोबत झिंगे निवडायला बसले. तिने ते करू दिलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "गानं कोन धरते आता?"

"बाबुलालकाका."

"तो? बैल हाकलते का गाते?" आणि ती हसली, पदर तोंडाला लावून, मनापासून. "दुसऱ्या कडव्यात सारे मांगं राहात असतीन."

"राहतात. तिसरं कडवं तर कधी होतच नाही."

"त्याले सांग, ओळ सोडल्यावर दम घे. लोकाले बोलाले जागा दे."  सुपातला कचरा तिने एकेक काडी करून बाजूला काढला, कचरा नव्हता तिथूनही.

मी विषय काढला. म्हटलं, मावशी, पुनरुत्थानाच्या रविवारी या. मनिरामकाकांच्या कबरीपाशीच उपासना आहे.

"देवाशी माहं भांडन नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून त्याच्याशी बोलतो मी, तो आयकते. पन सांग मले, लेक तिकडं डोंगरीले परक्याच्या घरी भाड्यानं राहून राहिली, अन मी इथं पयल्या बाकावर बसून गानं धरू? कोनत्या तोंडानं? रीता म्हनन जाय माय, तं जाईन. नाही म्हनन तं नाही. तिले विचार. मले नको विचारू."

"ती माझ्याशी बोलत नाही, मावशी."

"मंग मी का करू? तूच तोडलं ना?"

यावर मी हो म्हटलं.

तुझ्या बाबांच्या कबरीबद्दलही विचारलं. नाताळच्या आधी सगळ्यांनी आपापल्या कबरींना चुना मारला, काकांची तशीच राहिली. मी मारू का, असं विचारलं. ती म्हणाली, "हात नको लावू." आवाज चढवला नाही. मी हात लावलेला नाही.

मी निघाले. गेटाबाहेर येऊन स्कूटी सुरू करण्याआधी आतून आवाज आला. ती गात होती. तुला ती कशी गाते ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: एक ओळ म्हणायची, मग थांबायचं, मंडळी ती ओळ परत म्हणते, मग पुढची. ती तशीच गात होती. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मंडळीला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ घरात काहीच ऐकू येत नव्हतं. मग ती पुढची ओळ घ्यायची. तिसऱ्या कडव्यापर्यंत मी रस्त्यावर उभी होते.

यातून मला जे समजलं ते लिहिते. मावशी थांबली आहे ती तुझ्यासाठी. तू परत येण्याचं ठरवलंस तर दोघी याल, नाही ठरवलंस तर दोघी येणार नाही. हा भार तुझ्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. तरी गोष्ट अशी आहे.

क्षमेबद्दलचं वचन मी तुला पाठवणार नाही. महिला मंडळाने तुला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं असं ऐकलं, खाली गुलाबाचं चित्र लावून. ते वचन मला लागू होतं. तुझ्या अंगावर फेकण्यासाठी ते नाही.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, कारण कोणाच्या लक्षात आलेली नाही. सप्टेंबरपासून मी प्रभुभोजन घेत नाही. ताट माझ्याकडे आलं की मी भाकरीला हात न लावता शेजारणीकडे देते. ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे त्याच्याशी आधी समेट करावा, मग वेदीपाशी यावं, असं आपण लहानपणी एकाच बाकावर पाठ केलं होतं. मी ते शब्दशः घेते. तुला माहीत आहे मी सगळंच शब्दशः घेते. म्हणजे तू घरी बसून घेत नाहीस आणि मी तिथे बसून घेत नाही. तू यावंस म्हणून हे सांगत नाही, तुझी काही जबाबदारी नाही, पण स्थिती ही आहे.

आज उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. सेवकरामसाहेब चांगले आहेत, पण त्यांना घाई असते. म्हणाले, "ज्योत्सनाबाई, मंडळीसमोर माफी मागून टाका. जिथं बोलल्या तिथंच बोला. झावळ्यांच्या रविवारी, २९ तारखेला, वेळ देतो."

मी म्हटलं, "माफी मागायची तर रीताचं नाव परत घ्यावं लागेल. तिच्या रक्ताचं परत बोलावं लागेल."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "ते माझ्या ध्यानात नाही आलं." आणि नंतर, मी निघताना, "पान तं मीच उलटलं होतं ना. मले वाटलं, पोरीची लाज राहील. वाचून, विचारून, मंग काय ते करायचं होतं."

तुला हे त्यांच्याकडून ऐकायला मिळायला हवं होतं. ते स्वतः लिहितील की नाही, माहीत नाही. म्हणून मी लिहिलं.

ज्योत्सना


शनिवार, १४ मार्च २०२६

रीता,

आणखी एक दुरुस्ती आहे. ही शेवटची.

मुद्दा ४ मध्ये "काळजीपोटी" असा शब्द आहे. तू त्यावर काही म्हटलं नाहीस, पण माझ्या पहिल्या पत्रातला सगळ्यात चुकीचा शब्द तोच आहे. दुसऱ्या पत्रात मी त्यावर रेघ मारली नाही. धीर झाला नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला सिकलसेलचं प्रॅक्टिकल असतं. प्रत्येकाने शेजारच्याचं रक्त काढायचं आणि चाचणी लावायची. वर्गात बावीस नळ्या होत्या. एकीतून रेघा दिसल्या नाहीत. ती माझी होती. मी सरांना सांगितलं, नमुना खराब झाला असेल. नंतर सगळे गेल्यावर पुन्हा लावली, तेच. दुसरी चाचणी मी नागपूरला दुसऱ्या नावाने करून घेतली. वाहक.

म्हणजे तुझं आणि माझं रक्त सारखं आहे.

याला सहा वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तिच्याकडून आलं की बाबांकडून, एवढा प्रश्न आला असता आणि तेवढ्यानेच घर फुटलं असतं, असं मी ठरवून टाकलं होतं. तीन स्थळं आली, मी नोकरीचं कारण सांगून परत पाठवली. तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला मी समजावून सांगते, हा आजार नाही, लाजायचं काही नाही, फक्त जोडीदाराचं रक्त तपासा. दिवसाला दोनदा तरी सांगते. पाठ झालं आहे.

दर रविवारी विनवणीची वेळ येते. कोणाचा गुडघा, कोणाची नोकरी, कोणाच्या मुलाची बारावी. सहा वर्षं मी उठायचं ठरवायची आणि उठायची नाही.

तेरा सप्टेंबरला तुझी नळी हातात घेऊन मी खिडकीपाशी उभी होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याआधी, एक क्षण, दुसरंच वाटलं होतं. मी एकटी नाही असं. दुसऱ्या दिवशी मी उठले आणि जे माझ्याबद्दल म्हणायचं होतं ते तुझं नाव घालून म्हटलं. सगळे एका आवाजात "प्रभू, ऐकून घे" म्हणाले. माझे डोळे मिटलेले होते. मला बरं वाटलं, रीता. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती प्रार्थना मी माझ्यासाठी मागितली होती. लागलेली किंमत मात्र सगळी तुझी.

म्हणूनच एकवीस तारखेला उठता आलं नाही. "वाहक म्हणजे आजारी नव्हे" हे त्या मंडळीसमोर बोलताना माझा आवाज माझा राहिला नसता, आणि मावशीसारख्या कोणीतरी ते ओळखलं असतं.

हे वाचून तुला राग येईल. तो मी रास्त धरते.

काल रात्रीच्या जेवणानंतर आईला सांगितलं. ती ताटं आवरत होती. पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, कोणाकडून आलं ते विचारेल. तिने विचारलं, "मंग त्या पोरीचं काहून सांगतलंस वो? आपलं सांगाचं होतं ना."  तिने राहिलेली ताटं उचलली आणि मोरीवर गेली. बराच वेळ नळ चालू होता, भांड्यांचा आवाज नव्हता.

आता पुढचं.

२९ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, मी विनवणीच्या वेळी उभी राहणार आहे. माझं नाव घेऊन माझ्या रक्ताचं सांगणार आहे. वाहक म्हणजे काय, तेही. एवढं मी तुला न विचारता करू शकते, कारण ते माझं आहे. बाबुलालकाकांना मी आधीच जाऊन सांगितलं आहे. ते ऐकून म्हणाले, "मले तं आजारी म्हणूनच आयकू आलं होतं. तूच तं म्हनलं." मग म्हणाले, "भाच्याची टेस्ट कराले पाहिजे होती काय?" मी म्हटलं, हो. त्यांनी डोक्याला हात लावला. धनंजयचं जानेवारीत तुमसरला जमलं, हे तुला माहीत असेल. त्या बाजूने आता काही दुरुस्त होणार नाही. तशी आशा मी तुला दाखवत नाही.

त्यानंतर मला आणखी एक वाक्य बोलायचं आहे: १४ सप्टेंबरला मी रिपोर्ट येण्याआधी बोलले, खोटं बोलले, आणि खरं कळल्यावर गप्प बसले. हे वाक्य तुझ्याशिवाय बोलता येत नाही. मी तुझं नाव घेतलं नाही तरी एकोणतीस माणसं तुझ्याच बाकाकडे बघतील. मंडळीला खरं कळावं असं मला वाटतं. पण मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं.

म्हणून विचारते. ते वाक्य बोलू की नको? तू नको म्हणालीस तर मी फक्त माझं सांगून खाली बसेन, आणि पाळकसाहेब किंवा कोणीही आग्रह केला तरी पुढे बोलणार नाही.

दुसरं. ५ एप्रिलला तू ये. मंडळी तुझ्याशी नीट वागली नाही, मी सगळ्यांत वाईट वागले, आणि तरीही ये, असं मी म्हणते. तिथे जे आहे ते आमचं नाही. ते मी तुझ्याकडून काढून घेतल्यासारखं झालं, पण मुळात ते माझ्या हातात नव्हतंच. तुझ्या वडिलांची कबर तिथे आहे. तुझ्या आईच्या ओळीनंतरची जागा तिथली माणसं भरतात, दुसरीकडे ती भरली जात नाही.

मी समोर असले तर तुला येणं जड जाईल, हे मला कळतं. तसं असेल तर सांग. मी त्या पहाटे भंडाऱ्याच्या चर्चमध्ये जाईन, आणि त्यापुढेही तिथेच जात जाईन. स्कूटीने एका तासाचा रस्ता आहे, मला जमेल. हे रागाने किंवा त्याग म्हणून लिहीत नाही. तुम्ही दोघी आत आणि मी तिकडे, किंवा तिघी आत. दोन्ही मला चालेल. तुम्ही दोघी बाहेर हे मला चालत नाही.

तुला यायचं नसेल, कधीच यायचं नसेल, तर एवढं कर. मावशीला फोन करून जा म्हण. ती तुझ्या शब्दाची वाट बघते आहे.

नाकाडोंगरीहून इकडे टपाल यायला चार दिवस लागतात, तेव्हा सोमवारी तेवीसला टाकलंस तर वेळेत मिळेल. लिहायचं नसेल तर माझा नंबर एका मिनिटासाठी उघड आणि एक शब्द पाठव, मग परत बंद कर. मी उलटून फोन करणार नाही.

तुझं उत्तर मला शुक्रवार, २७ मार्चपर्यंत हवं आहे. "नको" असलं तरी कळव.

ज्योत्सना